नाचणारे मासे

एकदा एका तळ्यातले मासे नाचू लागले आणि साऱ्या गावाला कोण आनंद झाला! रोहू पाण्याबाहेर उसळत, बांधाच्या दगडांना अंग घासत आणि चमकून पुन्हा आत जात. तळं मासेमारीवर जगणाऱ्या तीस ढिवर कुटुंबांचं. त्यांची वर्षभराची आशा त्याच पाण्यात होती. राखणीची आणि खाद्याची जबाबदारी दिवाळू नावाच्या तरुणावर. त्याने पंधरा दिवस पाहुण्यांना बोलावून हा नाच दाखवला, मोबाइलवर टिपला आणि खुशीत कोंडा-ढेपेच्या दुप्पट टोपल्या ओतल्या. संताप येतो तो याचा, की जाणत्या वयाची माणसंही बांधावर उभी राहून टाळ्या पिटत होती. एकालाही पाण्याजवळ वाकून पाहावंसं वाटलं नाही!

दिवाळूला हे काम शिकवणारे वृद्ध गुरू, ज्यांना सारे आबा म्हणत, लेकीच्या गावाहून परतले. बांधावर उभं राहून त्यांनी घटकाभर पाहिलं आणि ते झुडपांत शिरले. आले ते पळसाच्या पानात खाजकुइलीची शेंग धरून. ती त्यांनी सरळ शिष्याच्या सदऱ्यात सोडली.

दिवाळू ताडकन उडाला. पाठ बाभळीला घासू लागला, मातीत लोळला. आबा टाळ्या वाजवू लागले.

"वा! काय नाचतोस रे! बघा हो, किती आनंदात आहे!"

"आबा, जीव चाललाय माझा! तुम्हाला नाच दिसतोय?"

आबांनी टाळ्या थांबवल्या. जाळं टाकून एक रोहू काढला आणि त्याच्यासमोर धरला. अंगावर हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चपट्या उवा चिकटलेल्या. त्या चावल्या तिथे खवल्यांखाली रक्ताळलेले व्रण. कल्ल्याचं झाकण उचललं, तर लालभडक असायला हवेत ते कल्ले फिकट, चिकट बुळबुळीत थराने बरबटलेले, कडा झडलेल्या.

"तुला तोंड आहे, तू ओरडलास. हा मुका जीव पंधरा दिवस अंग घासून सांगत होता आणि तू तमाशा मांडलास! याला धड श्वास घेववत नाही, आणि तू वरून खाद्य ओततोस. तेच कुजून पाणी नासतं. लाज वाटू दे! शेजारच्या तळ्यावरचं जाळं आणलंस, ते वाळवलं होतंस?"

दिवाळूने मान खाली घातली. वाळवलं नव्हतं. ओल्या जाळ्याबरोबरच उवा आल्या होत्या.

"खाद्य बंद कर. तळ्यात बांबू रोव, उवा त्यांवर अंडी घालतात. दर आठवड्याला ते उपटून कडक उन्हात वाळवायचे आणि पुन्हा रोवायचे. पण आधी तीस घरांना खरं सांग." एवढं बोलून आबांनी खाज शमवायला त्याच्या पाठीला शेण चोळलं, तेही रागारागानेच.

दुपारी दिवाळूने सर्वांना समाजमंदिरात जमवलं. "मासे नाचत नव्हते, तडफडत होते," तो म्हणाला. "चूक माझी आहे. किती वाचतील, ठाऊक नाही. आबा म्हणतात, तळ्यात बांबू रोवायला हवेत."

कोणी त्याला शिवी दिली नाही. देणार तरी कोणत्या तोंडाने? टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.  मग जमलेल्यांतली पारबता मावशी उठली, घरातून कोयता घेऊन आली आणि बांबूच्या बेटाकडे चालू लागली. एकेक करून सारे तिच्यामागे निघाले.