अंगाईची परीक्षा

ढगांत एक राज्य होतं. कुठं ते विचारू नका, गप ऐका. तिथं राजकन्येला निजवायला अंगाई गाणारं सॉफ्टवेअर होतं. ते तपासायची शेवंता.

दीडशहाणा प्रधान म्हणाला, "महाराज, सगळ्या चाचण्या यंत्राला द्या. हिला घरी पाठवा."

शेवंता म्हणाली, "बटण दाबल्यावर गाणं लागतं का, हे रोजचं तेच ते. ते खुशाल यंत्राला द्या. झोप येते का, ते माझ्याकडं ठेवा."

"तेही यंत्रच सांगेल!"

शेवंतानं अंगाई लावली. दरबार धुक्यासारखा मऊ झाला. यंत्र टक्क जागं राहून "गाणं वाजलं" एवढंच म्हणालं. प्रधान मात्र घोरायला लागला.

शेवंता हळूच म्हणाली, "महाराज, या चाचणीला यंत्रापेक्षा प्रधानजी बरे. त्यांना माझ्या हाताखाली द्या."

जांभई देत राजा म्हणाला, "दिले."