रणदिवे सरांचं ॲव्हरेज

"पण चाचा, गाडी लिटरला अठ्ठावीस देते म्हणताना तो माझ्या डोळ्यांत का बघत नाही?"

रणदिवे सर शोरूममधल्या विक्रेत्याबद्दल बोलत होते.

 आदर्की घाटाच्या पायथ्याशी, टपरीबाहेरच्या जुन्या टायरवर बसून गुलाबचाचा बशीतला चहा फुंकत होते.

चाचांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. शेवटची तीन वर्षं त्या ट्रकला ब्रेक नव्हते. चाचा नुसते खाकरायचे आणि ट्रक थांबायचा, असं लोक सांगतात. मी त्यातलं निम्मंच सांगतो. आता या भागात कोणी गाडी घ्यायची म्हटलं, की आधी त्यांच्याकडे येतो.

सर फलटणला पदार्थविज्ञान शिकवतात. घर वाईला. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. छोटी, कमी पिणारी गाडी घेतली तर रोज घरी जेवता येईल. पण दोन वर्षं झाली, सर गाडी निवडतायत, फलटणच्या खोलीवर डबा खातायत आणि मोटरसायकलवरून फक्त शनिवारी घरी जातायत. परवा बायको म्हणाली, जूनपर्यंत गाडी आली नाही तर शनिवारी तरी कशाला येता?

"पेट्रोलची घ्यावी तर पंपवाल्यांचा भरवसा नाही," सर म्हणाले. "सीएनजीची घ्यावी तर…"

"तर?"

"गॅस दिसत नाही, चाचा. भरला की नाही, कळायचं कसं?"

"ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांना विचारा."

"सतरा जणांना विचारलं. सगळे थापा मारतात."

"कशावरून?"

"सगळ्यांचे आकडे चांगले आहेत."

चाचांनी एक घोट घेतला.

सरांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका. तुमचं कुठल्या शोरूमशी ठरलेलं नाही ना?"

"आहे की. हा चहा त्यांचाच."

सरांनी हातातला कप हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला एक दूधवाला थांबला. सरांच्या मोटरसायकलकडे त्याने वाकून पाहिलं.

"किती देते, सर?"

"पासष्ट," सर म्हणाले. "मोकळ्या रस्त्याला सत्तर."

दूधवाल्याने आदराने मान डोलावली आणि निघून गेला.

चाचांनी हात पुढे केला.

"वही."

सरांच्या खिशात कायम एक वही असते. टाकी फुल केल्यापासून पुन्हा फुल करेपर्यंत गाडी लिटरला किती पळाली, तारखेसकट. आठ वर्षांची नोंद. चाचांना वाचता येत नाही, असं चाचा सांगतात. त्यांनी वही उघडून सरांसमोरच धरली.

"वाचा."

"…अठ्ठेचाळीस."

"पुढचं?"

"सत्तेचाळीस."

घाटातून एक ट्रक कण्हत उतरला. 

"दूधवाल्याने तुमचं काय वाकडं केलंय?" चाचांनी विचारलं.

"तसं नाही…" सर मोटरसायकलकडे बघत म्हणाले. "दर शनिवारी घरी पोचवते ती. एकदा तर मी तापाने फणफणलो होतो, तरी पोचवलं. तिला चारचौघांत अठ्ठेचाळीस कसं म्हणायचं?"

चाचांनी रिकामी बशी बाजूला सारली.

"घरातल्या कोणाकडे छोटी गाडी आहे?"

"मेव्हण्याकडे. तो सव्वीस सांगतो. लिहून काही ठेवत नाही."

"कुठं नेतो?"

"साताऱ्याला. नोकरी आहे तिथे. घरापासून पासष्ट किलोमीटर."

"राहतो तिथंच?"

"छे. सातला घरी असतो. मुलांचा अभ्यास घेतो, मग सगळे एकत्र जेवतात."

"रोज?"

"रोज."

चाचांनी वही मिटून सरांच्या हातात दिली.

"मग सव्वीस म्हणजे कमीच सांगतोय, सर."