इंदूमावशींचा पेला

आयुष्य सांगलीच्या हळदपेठेत गेलं, म्हणून हा किस्सा मला सांगता येतो. आमच्या वधूवर मेळाव्यात सत्यजितरावांनी आपलं मोबाईल ॲप आणलं. कोणी कोणाला पसंत केलं, ते त्यात सगळ्यांना दिसायचं. वैजयंता मास्तरीण मात्र फोनला हात लावेना. मागे तिनं होकार कळवला, मुलानं नकार दिला आणि गावभर तिचीच चर्चा झाली होती.

सत्यजितराव हसले. "अहो ताई, मनातलं उघड केल्याशिवाय जोडी जुळते का? कोणी जुळवून दाखवावी."

कुंकू करून विकणाऱ्या इंदूमावशी उठल्या. पडद्याआड त्यांनी एक रिकामा पेला ठेवला; मुलासाठी चुन्याची निवळी आणि साधं पाणी ठेवलं, मुलीसाठी हळदीचं पाणी आणि बेसनाचं.

"आधी मुलानं एकट्यानं जायचं. होकार असेल तर निवळी पेल्यात ओतायची, नसेल तर पाणी. मागून मुलीनं तसंच, हळद नाहीतर बेसन. उरलेलं मोरीत ओतून टाका. दोघांचा होकार असला, चुना आणि हळद भेटली, तरच पेला लाल होईल."

पहिल्या जोडीचा पेला पिवळाच राहिला. सत्यजितरावांनी वाकून वाकून पाहिलं. "पण नाही कोण म्हणालं?"

"तुमच्यासारख्या हुशार माणसालाही कळेना ना?" मावशी म्हणाल्या. "मग गावाला काय कळणार, साहेब?"

मग औषधवाला निरंजन आत जाऊन आला, आणि त्याच्यामागून वैजयंता आपणहून उठली. ती पेला घेऊन बाहेर आली, तो कुंकवासारखा लाल.

पुढच्या मेळाव्याआधी सत्यजितराव माझ्याकडून पाव किलो हळद घेऊन गेले. ॲपचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.