चौकातला हिरवा पंप

आयर्लंडमधल्या किलबारा गावात नळाचं पाणी आलं, तेव्हापासूनची ही गोष्ट. चौकातल्या हातपंपाला आता काही काम उरलं नाही. पण जुनं आहे, जपायला हवं, म्हणून गावाने त्याला हिरवा रंग दिला आणि नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेत बक्षीस पटकावलं. मग दर उन्हाळ्यात स्पर्धा आली की रंगावर रंग चढू लागला.

"फार दमलोय रे," एकदा पंप शेजारी बांधलेल्या गाढवाला म्हणाला.

"नुसता उभा तर असतोस! दमायला काय झालं?"

"दिवसभर पाणी उपसायचो तेव्हा कधी दमलो नाही. आता खांदा आखडलाय. खाली पाणी आहे अजून, मला ऐकू येतं. कुणी दांडा हलवून तरी बघावं."

"लोक प्रेमानेच रंगवतात तुला."

"म्हणून तर काही बोलता येत नाही."

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. नळ कोरडे पडले, तसं सगळं गाव बादल्या घेऊन पंपाकडे धावलं. म्हातारा बार्टली दांड्याला अक्षरशः लोंबकळला, पण रंगाच्या थरांनी सांधा घट्ट धरला होता. दांडा हलेना. नखाएवढा पोपडा तेवढा उडाला.

"बार्टलीकाका, जपून! परवा परीक्षक यायचेत!" दरवर्षी पंप रंगवणारी नोरा ओरडली.

लोक बादल्या उचलून लांबच्या नदीकडे निघाले. नोरा मागे थांबली. तिने घरून ब्रश आणला आणि पोपडा उडाला होता तिथे अलगद रंग लावला.

"झालं हं," ती मायेने पंपाला म्हणाली, "आता अगदी पहिल्यासारखा दिसतोस."