सगुणेची वई

फार फार वर्षांपूर्वी आंबेरखोलाला रस्ता नव्हता, नुसती वाट होती. ती खाडीपासून सुरू होऊन जांभ्या दगडातून वर चढे, आणि चढताना माणूस एकतर देवाचं नाव घेई, नाहीतर आंबेरखोलात मुलगी देणाऱ्याचा उद्धार करी. गाव वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, होता. खाली खाडी, खाडीपलीकडे समुद्र, आणि गावाच्या वाट्याला भाताचे चार कुणगे सोडले तर सगळा कातळ आणि तांबड्या मातीचा उतार. त्या उतारावर नाचणी वीतभर वाढे आणि पुढे वाढायचा कंटाळा करी. श्रावण सरला की घरोघरची मडकी उपडी पडत.

या गावात सगुणा राहत होती. तिचा नवरा धाकू गलबतावर खलाशी होता. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की तो जाई आणि आगोट लागायच्या आत, पहिले ढग दिसायच्या आत परत येई. सगुणा त्या दिवसांत सड्याच्या टोकाला उभी राहून शिडं मोजी. असं म्हणतात की धाकूच्या गलबताचं शीड तिला सगळ्यांच्या आधी दिसे, कधी कधी तर ते समुद्रात असायच्याही आधी.

एका वर्षी गलबत आलं आणि धाकू आला नाही. गलबताचा तांडेल स्वतः वाट चढून आला, सगुणेच्या अंगणात बसला आणि पंच्याने घाम पुसू लागला. मग त्याने एक मोळी पुढे केली. तिच्यात सात काठ्या होत्या. कमरेइतक्या उंच, अंगठ्याएवढ्या जाड, आणि अंगावर डोळ्यांसारख्या गाठी.

"धाकू तापान पडलो, म्हणान थयच रवलो," तांडेल म्हणाला. "बरो झालो की येतलो. ह्ये काठये तेणा धाडल्यान. म्हणालो, घराक कायय अडला तर ह्येच कामाक येतले."

एवढं सांगून तो गेला. काठ्या कसल्या, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि सगुणेने विचारलं नाही. तिने त्या काठ्या उशाशी ठेवल्या.

आता अडणं म्हणाल तर सगुणेच्या घराला तेव्हा एकच गोष्ट अडली होती. तिच्या वईला, म्हणजे अंगणाच्या कुंपणाला, शेजारच्या बाजूने भोक पडलं होतं आणि त्यातून गुणो घाडीची पांढरी शेळी रोज आत येई. गुणो घाडी म्हणजे देवळात गावाच्या वतीने रवळनाथाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. देवाशी बोलायची सवय असल्यामुळे माणसांचं तो फारसं ऐकत नसे, आणि त्याची शेळीही त्याच्यावरच गेली होती. सगुणेने विचार केला, काठ्या कामाला येतील म्हणाले ना, मग येऊ देत. तिने त्या सातही काठ्या भोकात रोवल्या. नवऱ्याने परमुलखातून पीक पाठवलं होतं आणि बायकोने त्याचं कुंपण केलं.

पाऊस पडला आणि काठ्यांच्या गाठी उघडल्या. एकेका पानाला हाताच्या बोटांसारखे सात फाटे होते. वाऱ्यात ती पानं हलायची तेव्हा कुणीतरी दुरून हात हलवून निरोप देतंय असं दिसायचं. सगुणा दळताना, सारवताना, पाणी भरताना त्यांच्याकडे बघायची आणि तिला बरं वाटायचं. दिवाळीपर्यंत ती झाडं तिच्या डोक्यावरून वर गेली. पण धाकू काही आला नाही.

पुढे पौषात गुणोच्या शेळीने वईतून मान घालून पोटभर पाला खाल्ला आणि संध्याकाळच्या आत ती मेली.

गुणोने शेळी उचलून गावकीसमोर आणून ठेवली. गावकी बसली, बोलली, आणि ठरलं, की ही विषकाठी गावात नको, सगुणेची वई उपटायची.

"शिमग्याच्या आदी वय उपट," गुणो घाडी सगुणेला म्हणाला, "नायतर आमी ती होळयेत घालतलव."

सगुणा पाठ फिरवून घरी निघाली. त्या दिवसापासून तिचा आणि गुणोचा अबोला झाला. पण घरी येऊन ती वईला धरून रडली, कारण त्या सात काठ्यांखेरीज धाकूचं म्हणावं असं तिच्याकडे काहीच नव्हतं.

शिमगा चार दिवसांवर आला तेव्हा तिने डोळे पुसले आणि पहिलं झाड दोन्ही हातांनी ओढलं. ते येईना. तिने पाय रोवून पुन्हा ओढलं तेव्हा माती फुटली आणि झाडाबरोबर कंद वर आले, दंडाएवढे जाड, गुडघ्यापासून पावलापर्यंत लांब. तिने एक मोडून बघितला. आत पांढराशुभ्र, जशी नारळाची वाटी. जिभेला लावला तर कडू. तो हातात घेऊन ती तशीच अंगणात बसली, आणि भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तिचा डोळा लागला.

असं म्हणतात की तेव्हा तिला धाकू दिसला. तो कमरेएवढ्या समुद्रात उभा होता. त्याच्या हातात टोपली होती आणि टोपलीत पांढरे तुकडे. लाट आली की तो टोपली बुडवी, निथळून घेई आणि पुढच्या लाटेची वाट बघी. सगुणेने हाक मारली, पण त्याने मान वर केली नाही, कारण तो लाटा मोजत होता. सात लाटा झाल्या तेव्हा त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिच्याकडे बघून हसला. सगुणा जागी झाली तेव्हा तिचा पदर ओला होता आणि त्याला खारट वास होता.

मग ती उठली. कंद सोलले, चिरले, पाण्यात घातले. पाणी बदललं, पुन्हा घातले. तीन दिवसांत सात पाणी झाली. मग तिने ते तुकडे कातळावर कडक वाळवले, कुटले, पिठाची भाकरी केली आणि शिमग्याच्या दिवशी होळी पेटायच्या आधी सगळ्या गावासमोर मांडावर, म्हणजे होळीच्या जागी, जाऊन बसली. सगळ्यांच्या देखत तिने ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

गाव तिच्याकडे बघत बसला. गुणो तर सूर्य बुडेपर्यंत पापणी लववायला तयार नव्हता. सगुणेने एकदा जांभई दिली तेव्हा चार बायका घाबरून उठल्या. पण तिला नुसती झोप आली होती. शेवटी तिने शेजारणीकडे पान मागितलं, तेव्हा गावाने सुटकेचा श्वास सोडला. वई होळीतून वाचली.

पुढच्या वर्षी जो मागेल त्याला सगुणेने काठीचे तुकडे दिले आणि सांगितलं, "डोळो वर ठेवन रोव. आनि सात पाणी इसरा नको." लोकांनी उतारावर तुकडे रोवले. जिथे नाचणी कंटाळत होती तिथे हे पीक हसत वाढलं. पाच वर्षांत सगळा उतार हिरवा झाला, आणि असं म्हणतात की खाडीतून जाणाऱ्या होड्यांना वाटे, डोंगर हात हलवून बोलावतोय. श्रावणात मडकी उपडी पडायची थांबली.

मग बंदरावरचा एक व्यापारी वाट चढून आला. सुक्या तुकड्यांपासून खळ होते, गिरण्यांच्या कापडाला ती लागते, मी सगळं विकत घेतो, म्हणाला. गावाने आनंदाने विकलं. घरांवर कौलं आली, पोरींच्या कानांत कुड्या आल्या. तीन वर्षं अशी गेली, आणि चौथ्या वर्षी व्यापारी म्हणाला, "नुसते कंद नको. झाड आखं द्या, काठीसकट. वजन वाढेल, तुमचाच फायदा." गाव खूश झाला. काठी म्हणजे पाला गेल्यावर उरलेलं लाकूड, त्याचेही कोणी पैसे देतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? लावणीपुरत्या काठ्या शेजाऱ्याकडे मिळतील, असं जो तो धरून चालला. गुणो घाडीने तर सगळ्यांच्या आधी आपल्या काठ्या मोळ्या बांधून होडीत टाकल्या.

व्यापारी सगुणेच्या अंगणातही आला. तिची वई आता चारी बाजूंनी याच झाडांची होती. ती म्हणेल ते द्यायला तो तयार झाला.

"वय इकली तर घर उघडा पडता," सगुणा म्हणाली आणि आत निघून गेली.

वैशाख आला. लावणीचे दिवस आले, उतार नांगरून झाला, आणि तेव्हा गावाच्या लक्षात आलं की रोवायला एकही काठी नाही. या पिकाला बी टाकत नाहीत. काठी असेल तर पीक, नाहीतर माती. लोक धावत बंदरावर गेले. व्यापारी शांतपणे म्हणाला, "काठ्या आहेत ना माझ्याकडे. तो उतार माझ्या नावावर करा, मग हव्या तेवढ्या न्या."

माणसं परत आली ती खाली मान घालूनच. सड्याच्या टोकाशी पोचली तर सगुणा कोयता घेऊन वईपाशी उभी होती. आता तिचे केस पिकले होते आणि दुसऱ्या हातात आधाराला एक जुनी काठी होती, पहिल्या सातांतली, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, हाडासारखी वाळलेली.

"येवा," ती म्हणाली.

ती एकेक झाड तोडत गेली आणि एकेका घराच्या हातात देत गेली. तोडताना दर काठीवरून ती एकदा हात फिरवी, जसं प्रवासाला निघालेल्या माणसावरून फिरवतात. असं म्हणतात की ज्याच्या घरात माणसं जास्त त्याच्या हातात काठी आपोआप लांब होई. सूर्य कलला तेव्हा वई संपली. तिचं घर चारी बाजूंनी उघडं पडलं, आणि तेव्हा तिला दिसलं की सगळ्यांच्या मागे, रिकाम्या हातांनी, गुणो घाडी उभा आहे.

सगुणेने त्याच्याकडे बघितलं. मग हातातली काठी त्याच्यापुढे धरली.

"ही सुकलेली आसा," गुणो कसाबसा म्हणाला. "आनि तू चलशील कशी?"

"घे रे," सगुणा म्हणाली. "धाकून घराक अडला तर म्हणान धाडल्यान. आता तुझ्या घराक अडला."

गुणो त्या काठीवर डोकं टेकून रडला. त्याने तिचे तुकडे करून, डोळे वर ठेवून, उतारावर रोवले. वाळलेलं लाकूड ते, कोणालाच आशा नव्हती. पण पावसाच्या तिसऱ्या दिवशी साऱ्या उतारावर पहिला कोंब फुटला तो गुणोच्या शेतात. त्याच सकाळी तो सांगायला धावत गेला तर सगुणेचं दार उघडं होतं आणि घरात कोणी नव्हतं. ओल्या मातीत तिची पावलं सड्याच्या टोकाकडे गेली होती, आणि पावलांच्या बाजूला काठीची खूण कुठेही नव्हती. असं म्हणतात की त्या भर पावसात, जेव्हा कुठलंही गलबत समुद्रात नसतं, खाडीच्या तोंडाशी लोकांनी एक शीड बघितलं.

आज आंबेरखोलाला डांबरी रस्ता आहे. कंद टेम्पोतून साबुदाण्याच्या कारखान्याला जातात, भावावरून फोनवर भांडणं होतात. पण काठी कोणी विकत नाही. तुम्ही काठीचा भाव विचारलात तर म्हातारी माणसं तुमच्याकडे अशी बघतात, जणू तुम्ही भलतंच काही विचारलंत. मागा, आणि मोळीभर घेऊन जा. आणि लावणीच्या दिवशी पहिली काठी रोवायची नसते, ती द्यायची असते, ज्या घराशी अबोला असेल त्या घरी. पहिली काठी मिळावी म्हणून काही जण चैत्रातच मुद्दाम भांडण काढतात, हेही खरं.

लावणीच्या दिवशी देवळात गुणो घाडीच्या वंशातला जो कोणी असेल तो गाऱ्हाणं घालतो. सगळा गाव हात जोडून उभा असतो. तो आधी पावसाचं मागतो, मग गुराढोरांचं मागतो, आणि शेवटी सगुणेसाठी मागतो.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आमी जिची वय जाळूक निघाललव, तिणाच आपली वय मोडून आमची घरा राखल्यान. ती सगुणा खय आसात थय तिका तिचो धाकू गावलेलो असू दी रे म्हाराजा."

आणि सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!"