शिडीची गाठ

फार वर्षांपूर्वी एका राज्यातले दोन भाऊ गादीवरून भांडले. धाकटा समुद्रातल्या किल्ल्यात शिरून बसला आणि ओहोटी साधून थोरल्याचं पायदळ तटाखाली आलं. दोन्हीकडचे शिपाई एकाच किनाऱ्यावरचे कोळी होते.

पायदळाची बांबूची शिडी पोशा कोळ्याने एकाच लांब दोराने बांधली होती. वरच्या टोकाला त्याने होडीचं शीड बांधायची गाठ मारली होती. वादळात शीड झटकन उतरवता यावं म्हणून ही गाठ दोराचं शेपूट ओढताच सुटते. पोशाच्या हाताला तीच सवय होती.

शिडी तटाला टेकली, तेव्हा बुरुजावरची निशाणकाठी वाकून म्हणाली, "काय गं, आपण एकाच बनातले बांबू, म्हणून सांगते. ही गाठ आमच्या लोकांनाही ठाऊक आहे. तुमची माणसं अर्ध्यावर आली की ते वरून शेपूट ओढणार आहेत."

शिडीने खाली पाहिलं. खाली टोकदार खडक होते आणि पोशा पहिल्या पायरीवर पाय ठेवतच होता.

"मग त्यांच्या आधी मीच सुटते," ती म्हणाली. तिने तटाच्या दगडावर अंग असं घासलं की गाठ निसटली आणि पोशासमोर नुसत्या बांबूंचा ढीग झाला.

तेवढ्यात भरती लागली. पायदळाला मागे फिरावं लागलं. किनाऱ्यावर त्यांच्या सरदाराने परत आणलेल्या बांबूंना लाथ मारली. "हरामखोर, उद्या पुन्हा बांधतो तुला."

"बांधा की, सरदारसाहेब," शिडी म्हणाली. "मी उद्याही सुटेन. बांधणारे हात इथलेच आहेत आणि त्यांना दुसरी गाठ येत नाही."