साळुंकीची चोच

फार पूर्वी एका माळरानात प्रत्येक बिळापाशी एक साळुंकी राहत असे. ती दूरदूरचे निरोप आणायची, म्हणून सगळ्यांची लाडकी होती.

एकदा कापशी नावाची सशीण चरून परतली, तर बिळाचं तोंड उकरलेलं आणि मातीत कोल्ह्याच्या पावलांचे ताजे ठसे. आत पिल्लं थरथरत होती. ती बिळापाशी बसलेल्या साळुंकीकडे वळली.

"मी कधी बाहेर जाते, हे त्याला कुणी सांगितलं?"

"मी," साळुंकी सहज म्हणाली. "तो विचारतो, मी सांगते. तू कधी नको म्हणाली नाहीस."

"मला कधी विचारलंस का गं?"

कापशी पिल्लांना घेऊन धापा टाकत हत्तीराजाकडे गेली. त्याने लगेच हुकूम काढला, "यापुढे घरधन्याने हो म्हटल्याशिवाय साळुंकीने त्याच्या घरातलं काही सांगायचं नाही."

प्राण्यांनी जयजयकार केला. कापशी मात्र जागची हलली नाही. "महाराज, आजवर सांगून झालं त्याचं काय?"

हत्तीने मान खाली घातली. "ते कोल्ह्याच्या डोक्यात आहे. तिथे माझा हुकूम चालत नाही."

त्याच दुपारी कापशीने ओढ्यापलीकडे नवं बीळ खणायला घेतलं. माती उकरताना तिचे कान सारखे मागे वळत होते.